दिसलं का, ते मीच सांगायचं

परवा आठवीच्या तिसऱ्या तासाला मी फळ्यावर धातूंच्या अभिक्रिया लिहीत होते. मागून दुसऱ्या बाकावरची पोरगी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, फळा अर्धाच दिसायलाय." वर्ग खो-खो हसला. शेजारणीनं ओढणी धरून तिला खाली बसवलं. मी खडू ठेवला, तिच्या बाकावर जाऊन बसले आणि विचारलं, "जिथून दिसायचं बंद झालंय, तिथली कड कशी आहे? साधी, का चमकती?"

ती थोडा वेळ माझ्या चेहऱ्याकडं बघत राहिली. म्हणजे माझ्या अर्ध्या चेहऱ्याकडं. मग म्हणाली, "चमकायलीय. करवतीवानी."

मी तिच्या वहीतला कोरा कागद फाडून तिच्यापुढं ठेवला, हातात पेन्सिल दिली, मनगटावरचं घड्याळ काढून शेजारी ठेवलं. कागदाच्या मधोमध एक टिंब दिलं. म्हटलं, "नजर या टिंबावर ठेव. दिसतंय ते काढ आणि बाजूला वेळ लिही. घाबरू नको, अर्ध्या तासात जाईल." वर्गाला सांगितलं की आता कुणी हसायचं नाही, कारण ती खरं सांगायलीय.

हे वाक्य मला स्वतःला ऐकायला मिळायला फार वर्षं लागली. त्याबद्दलच आज लिहायचंय.

मी चौदा वर्षांची होते. गंगाखेड तालुक्यातलं आमचं गाव, दिवाळीनंतरचे दिवस, कापसाची वेचणी चाललेली. कमरेला ओटी बांधून मायच्या शेजारच्या ओळीत मी वेचत होते. एका बोंडाकडं बघताना त्यातली एक पाकळी गायब झाली. डोळे चोळले, तर शेजारचं बोंडही गेलं. मायकडं पाहिलं. तिच्या कपाळावरचं कुंकू दिसत होतं, उजवा डोळा दिसत होता, डावा डोळा मात्र नव्हता. तिथं काळं काहीच नव्हतं, भोक नव्हतं. नुसतं काही नव्हतं, आणि त्या 'काही नाही'च्या कडेनं एक बारीक लखलखती नागमोडी रेघ थरथरत होती. मी म्हटलं, "माय, तुझा डोळा गेला." माय एवढी घाबरली की तिच्या ओटीतला कापूस मातीत सांडला.

पुढं अर्ध्या तासानं डोकं दुखायला लागलं. एकाच बाजूनं, घण घातल्यासारखं. घरी आणलं. आमचं घर माळवदाचं. आतल्या खोलीत सवण्यातून उन्हाचा जो एक कवडसा पडायचा, तोही मला सोसेना. माय माळवदावर चढली आणि तिनं सवण्यावर पाटी पालथी घातली. तेव्हा कुठं डोळे मिटून पडता आलं.

आजी म्हणाली, उन्हात फिरली आसंल. चुलती म्हणाली, नजर लागली. वडील म्हणाले, "वेचायचा कंटाळा आला की असंच होतं. नाटकं करायलीस." वडलांचा राग आता राहिला नाही. त्यांच्या हातात दुसरं काय होतं? डोकं दुखतंय हे चेहऱ्यावरून तरी कळतं. अर्धं दिसत नाही, हे कशावरून कळावं? पुढं बारावीच्या वेळी एका डॉक्टरांनी डोळे तपासले, म्हणाले डोळे उत्तम आहेत, अभ्यासाचं टेन्शन घेऊ नका. डोळे उत्तमच होते. बिघाड डोळ्यात नव्हताच.

आपल्याकडं या दुखण्याला अर्धशिशी हा किती नेमका शब्द आहे. पण अर्धशिशीच्या आधी येणाऱ्या त्या लखलखत्या रेघेला मला कुठं शब्द सापडला नाही. इंग्रजीत तिला ऑरा म्हणतात. सगळ्यांना ती येत नाही. मला यायची, वर्षातून आठ-दहा वेळा, आणि बी.एस्सी.ला गेल्यावर मी तिची चित्रं काढायला लागले. दर दोन मिनिटांनी एक. नजर एका टिंबावर खिळवायची आणि रेघ कुठवर आली ते कागदावर उतरवायचं. सुरुवात जवळजवळ मध्यापाशी व्हायची, बाजरीच्या दाण्याएवढी. मग ती उघडत जायची, कोयत्याच्या पात्यासारखी वाकडी, बाहेरच्या अंगाला दातेरी. पहिल्या दहा मिनिटांत थोडीशीच सरकायची आणि शेवटच्या पाच मिनिटांत झपाट्यानं कडेला जाऊन नाहीशी व्हायची. असं का, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. शेवटी शेवटी तिचा वेग वाढतो असंच वाटायचं.

एकदा मुलांची सहल घेऊन नळदुर्गाला गेलो होतो. तिथल्या उंच बुरजावरून तटाकडं पाहिलं आणि अंगावर काटा आला. बुरजामागून बुरूज, आत-बाहेर वळत गेलेली तटबंदी. हीच ती, माझ्या कागदावरची. नंतर वाचलं की १८७० मध्ये ह्युबर्ट एअरी नावाच्या इंग्रज डॉक्टरनं स्वतःच्या ऑराची चित्रं प्रसिद्ध केली होती. त्यालाही तटबंदीच आठवली होती, म्हणून त्यानं नाव दिलं 'टायकॉप्सिया', ग्रीक शब्दांवरून, नगराची भिंत आणि दिसणं. दीडशे वर्षांपूर्वी एका परक्या माणसानं माझी रेघ काढून ठेवली होती! त्या रात्री मला झोप लागली नाही.

आणि वेगाचं उत्तरही सापडलं. कार्ल लॅश्ली या मानसशास्त्रज्ञानं १९४१ मध्ये स्वतःच्या ऑराची अशीच वेळ लावून चित्रं काढली आणि गणित मांडलं. डोक्याच्या अगदी मागे, कवटीच्या आत मेंदूचा जो भाग दिसण्याचं काम करतो, त्यावर नजरेचा नकाशा पसरलेला असतो. पण तो नकाशा सारख्या मापाचा नसतो. नजरेचा मध्य, जिथून आपण अक्षरं वाचतो, तो नकाशावर भरपूर जागा घेतो. कडेच्या भागाला थोडकी जागा. गावच्या नकाशात गावठाण मोठं करून काढावं आणि माळरान कोपऱ्यात बसवावं, तसं. त्या नकाशावरून एक लाट एकाच संथ वेगानं चालली, तर मध्यापाशी ती हळू सरकते असं वाटणार आणि कडेला पळते असं वाटणार. लॅश्लीनं वेग काढला, मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर. मुंगीसुद्धा यापेक्षा कितीतरी भरभर चालते. तीन वर्षांनी, १९४४ मध्ये, अरिस्तिदेस लियाओ या ब्राझीलच्या संशोधकाला सशाच्या मेंदूवर जवळपास याच वेगानं पसरत जाणारी एक लाट सापडली. लाट येते तेव्हा पेशी एकदम पेटून उठतात आणि मागून बराच वेळ गप्प होतात. पेटणारी कड म्हणजे माझी लखलखती रेघ, आणि मागचं गप्प झालेलं शेत म्हणजे मायचा न दिसणारा डोळा. २००१ मध्ये माणसाला ऑरा चालू असताना एमआरआयमध्ये मेंदूच्या मागच्या भागात अशीच लाट सरकताना टिपली गेली.

मी माझे जुने कागद काढले आणि हिशेब केला. वीस मिनिटं, म्हणजे सहा सेंटीमीटर. माझ्या डोक्यात मागच्या बाजूला, तळहाताच्या रुंदीपेक्षाही कमी अंतरावर, हे सगळं घडत होतं.

हैदराबादची गोष्ट यानंतरची. माझा एक विद्यार्थी, त्याच्या वडलांची आमच्या शिवाराला लागून जमीन, आता तिकडं एका प्रयोगशाळेत काम करतो. गावी आला की घरी येतो. माझे कागद त्यानं पाहिले आणि म्हणाला, "मॅडम, आम्ही चुंबकानं असा उजेड पाडून दाखवतो. तुम्ही येता का?" आम्ही दोघं, मी आणि हे, परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसनं गेलो. खिडकीतून झाडांच्या सावल्या लपलप करत डोळ्यावर आल्या की मला रेघ सुटायची भीती असते, म्हणून सावलीकडची जागा धरली.

त्याचं यंत्र काय करतं हे समजायला दहावीचं पुस्तक पुरतं. 'विद्युत धारेचे परिणाम' हा धडा शिकवताना मी दरवर्षी तांब्याच्या तारेची गुंडाळी बारीकसा प्रवाहही दाखवणाऱ्या गॅल्व्हानोमीटरला जोडते आणि तिच्यात चुंबक सारते. चुंबक आत-बाहेर करताना काटा हलतो. चुंबक आत नुसता ठेवला की काटा शून्यावर. फॅरेडेनं हे १८३१ मध्ये दाखवलं. वीज चुंबकानं नाही, चुंबकाच्या बदलण्यानं तयार होते. हैदराबादच्या यंत्रात तारेच्या वेटोळ्यातून क्षणभर हजारो अँपिअरचा प्रवाह सोडतात. सेकंदाच्या हजाराव्या हिश्शापेक्षा कमी वेळ. वेटोळ्यापाशी दीड-दोन टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र उभं राहतं आणि लगेच कोसळतं. कवटीचं हाड विजेला अडवतं, चुंबकीय क्षेत्राला अडवत नाही. म्हणून आत, दोन-तीन सेंटीमीटर खोलीपर्यंत, मेंदूच्या पेशींतच प्रवाह उमटतो. गॅल्व्हानोमीटरच्या जागी माझा मेंदू. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी हे १९८५ मध्ये करून दाखवलं. डोक्यावर वेटोळं धरलं आणि हाताची बोटं आपोआप उडाली. त्याच्याही फार आधी, १८९६ मध्ये, फ्रान्समध्ये दार्सोनव्हाल यानं मोठ्या वेटोळ्यात माणसाचं डोकं घालून उजेडाचे चमकारे दिसतात हे नोंदवलं होतं. पण तो उजेड बहुधा डोळ्याच्या पडद्यावरच उमटत होता. मला डोळ्याला वगळून मागच्या भागालाच हात घालायचा होता.

आधी एक लांबलचक कागद भरून घेतला. डोक्यात धातूची पट्टी आहे का, हृदयात पेसमेकर, कानात बसवलेलं यंत्र, घरात कुणाला फिट्स, मला कधी फिट आली का, गेल्या काही दिवसांत अर्धशिशी उठली का. कुड्या, केसांतल्या पिना, घड्याळ, पर्समधलं एटीएम कार्ड, सगळं बाहेर ठेवायला लावलं. कानात बोळे दिले. डोक्याला घट्ट टोपी चढवली, पोहणारे घालतात तशी, आणि पाठीमागं कवटीला जो उंचवटा हाताला लागतो तिथून वर दोन सेंटीमीटरवर पेननं खूण केली. कॉइल म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन चुंबळी. पाण्याची घागर डोक्यावर घ्यायला आपण कापडाची चुंबळ करतो, अगदी तेवढ्याच. दोन्ही जिथं एकमेकींना लागतात, तिथं क्षेत्र सर्वांत जोरकस.

खोलीत अंधुक उजेड. डोळे मिटलेले. टक्. बोटानं टिचकी मारल्यासारखं कातडीला लागलं, दिसलं काहीच नाही. "मॅडम, दिसलं?" नाही. जोर थोडा वाढवला. टक्. नाही. टक्. नाही. जोर साठ टक्क्यांच्या पुढं गेला, कॉइल डाव्या बाजूला अर्धा बोट सरकवली, आणि टक् बरोबर खाली उजवीकडं राखाडी-पांढरा एक तुकडा चमकून गेला. शेवेच्या पाटावर पडलेल्या पिठाच्या डागासारखा, कडा पुसट. रंग नाही, करवत नाही, लखलख नाही. पण तो होता. डोळे मिटलेले असताना, बाहेरून उजेडाचा कणही आला नसताना होता.

मी म्हटलं, "थांब जरा." आणि तो पोरगा थांबला.

मग नजर डावीकडं वळवायला सांगितली. डागही नजरेबरोबर डावीकडं सरकला. उजेडाच्या अशा डागाला फॉस्फीन म्हणतात. डाव्या मेंदूला टिचकी, उजवीकडं उजेड. वरच्या भागाला टिचकी, खाली उजेड. नकाशा उलटा असतो तो असा.

पुढचा तासभर त्यानं माझा उंबरठा शोधला. कमीत कमी किती जोर लावला म्हणजे दहापैकी पाच वेळा उजेड दिसतो, तो आकडा. फॉस्फीन थ्रेशोल्ड. उंबरठा खाली असेल तर मेंदूचा तो भाग चटकन पेटणारा. वर असेल तर सहजासहजी न पेटणारा. बोटं हलवणाऱ्या भागाचा उंबरठा काढायचा तर बोट उडालं का हे डोळ्यानं बघता येतं, यंत्रानं मोजता येतं. इथं तसं काही नाही. दिसलं की नाही, हे फक्त खुर्चीतला माणूस सांगणार. म्हणून मधे मधे तो कॉइल तिरकी धरायचा. आवाज तोच, टिचकी तीच, पण आत काही पोचत नाही. सांगणारा प्रामाणिक आहे का हे बघायला नाही, आवाजाच्या भरात मनाला भास होतो तो वेगळा काढायला. मी एकदा अशा पोकळ टक्ला 'दिसलं' म्हटलं. त्यानं ते शांतपणे लिहून घेतलं.

खुर्चीतून उठताना माझे हात थरथरत होते. भीतीनं नाही. लाखो रुपयांचं यंत्र, भिंतभर तारा, संगणक, आणि या सगळ्याचं माप शेवटी एका बाईच्या शब्दावर उभं होतं. दिसलं. नाही दिसलं. तेहतीस वर्षांत माझ्या डोळ्यापुढं काय येतं हे मला एवढ्या काळजीनं कुणी विचारलं नव्हतं.

आता तुम्ही विचाराल की माझा उंबरठा खाली निघाला का. अर्धशिशी आणि ऑरा असणाऱ्यांचा मेंदूचा मागचा भाग जास्त पेटाऊ असतो, असं शीना अरोरा आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये याच पद्धतीनं मांडलं. नंतर काही गटांना तसंच आढळलं, काहींना उलट आढळलं. कॉइलचा आकार वेगळा, मोजण्याची पद्धत वेगळी, झटका येऊन किती दिवस झाले ते वेगळं. एकट्या माझ्या आकड्यावरून काही ठरत नाही, म्हणून तो इथं देत नाही. मला त्याहून जास्त पटणारी गोष्ट दुसरी आहे. निरोगी माणसाला या भागावर सेकंदाला एक असे टक् १५ मिनिटं दिले की उंबरठा वर जातो, म्हणजे भाग शांत होतो, हे २००० मध्ये दाखवलं गेलं. २००२ मध्ये इटलीतल्या एका गटानं तेच ऑरावाल्यांवर केलं, तर त्यांचा उंबरठा खाली आला. शांत व्हायच्या ऐवजी चेतला. त्यांचं म्हणणं असं की आमच्या मेंदूत चेतवणाऱ्या पेशींपेक्षा आवर घालणाऱ्या पेशी कमी पडतात. बैल तसाच असेल, कासराच सैल असावा.

आणि अंधार. हे वाचून मी फार विचारात पडले. बोरूजर्दी आणि सहकाऱ्यांनी, तेही २००० मध्येच, निरोगी माणसांचे डोळे तीन तास बांधून ठेवले. पाऊण तासातच त्यांचा उंबरठा खाली उतरला. डोळ्याकडून काही येईना तर मागचा भाग जास्त कान देऊन बसला. पट्टी काढल्यावर दोन तासांत सगळं पूर्ववत. मग सवण्यावर पाटी घालून माय माझं बरं करत होती का वाईट? पाटी घातल्यावर मला बरं वाटायचं, हेही खोटं नव्हतं. त्याचा दुवा मला नंतर मिळाला. उजेडानं दुखणं वाढतं ते दिसण्याच्या वाटेनं नाही. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्या चित्र बघत नाहीत, नुसता उजेड किती आहे ते मोजतात. त्यांचे धागे मेंदूत ज्या पेशींपाशी पोचतात, तिथंच डोक्याच्या आवरणातली वेदनाही येऊन पोचते. २०१० मध्ये हे दाखवलं गेलं. अर्धशिशी असलेल्या काही अंध माणसांनाही उजेड टोचतो, तो यामुळं. चित्राची वाट वेगळी, टोचण्याची वेगळी. मायनं माळवदावर चढून बंद केली ती दुसरी वाट.

हे मी आमच्या शाळेतल्या संगीताच्या सरांना सांगत होते. सर जन्मांध. पेटीवर बोटं ठेवून ते शांतपणे ऐकत होते. त्यांना मी १९९७ चा एक प्रयोग सांगितला. लहानपणीच दृष्टी गेलेली माणसं ब्रेल वाचत असताना लिओनार्डो कोहेन आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या डोक्याच्या याच मागच्या भागावर टक् टक् दिले. वाचणाऱ्यांचं चुकायला लागलं. ठिपके गळाले, नसलेले ठिपके बोटाला लागले. डोळसांना उठावाची अक्षरं बोटानं वाचायला लावून तेच केलं, तर त्यांच्या वाचण्यावर असा परिणाम झाला नाही. म्हणजे डोळ्यांनी न वापरलेली ती जागा पडीक राहिलेली नाही. बोटांनी ती कसायला घेतली आहे.

सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग डावा हात मागं नेऊन त्यांनी कवटीचा तो उंचवटा चाचपला. म्हणाले, "मॅडम, लहानपणापासून सगळे मला सांगायले की तुमच्यापुढं अंधार आहे. मला तर अंधार कसा असतो तेच माहीत नाही. पण वाचताना बोटाखाली गरम वाटल्यासारखं काहीतरी होतं. ते इथं होत असंल का?" आणि त्यांनी माझं बोट धरून त्यांच्या ब्रेलच्या पानावर ठेवलं. मला फक्त सांडलेल्या रव्यासारखे दाणे लागले. त्यावर भूप रागाची बंदिश लिहिलेली होती, ती त्यांनी एका दमात वाचून दाखवली.

त्यांना मी २००० मधला आणखी एक प्रयोग सांगितला. डोळ्यांमुळं पूर्ण अंध झालेल्या एका माणसाला या चुंबकानं उजेडाचे डाग दिसले. आणि डोळे चांगले पण मेंदूचा हा भाग एका बाजूनं निकामी झालेल्या माणसाला त्या बाजूला दिसले नाहीत. सरांनी विचारलं, "मला दिसंल का?" मी म्हटलं, तुम्ही जन्मापासूनचे, तुमचं वेगळं असणार. ते म्हणाले, "दिसलं तरी ते दिसणंच आहे हे मी कशावरून ओळखणार?" या प्रश्नापाशी मी अजून अडकलेली आहे.

जत्रेत चुंबकाचे पट्टे, चुंबकाच्या चपला, चुंबकाचं पाणी विकायला बसतात. त्यांचा आणि या गोष्टीचा काहीही संबंध नाही. डोक्याला बांधलेला चुंबक नुसता असतो, बदलत नाही, आणि काटा शून्यावर राहतो. माझ्या दहावीच्या पोरांना हे कळतं, तुम्हालाही कळावं. खऱ्या यंत्राचा औषध म्हणून उपयोगही खरा आहे, पण मापातला. औषधांनी न हटणाऱ्या नैराश्यासाठी अमेरिकेत २००८ पासून ते मान्य आहे. ऑरासह येणाऱ्या अर्धशिशीसाठी डोक्यामागं धरायचं एक यंत्र २०१३ च्या डिसेंबरात तिथं मान्य झालं. ऑरा चालू असताना वापरलं तर दोन तासांनी १०० पैकी ३९ जणांचं दुखणं पूर्ण थांबलेलं होतं. खोटं यंत्र दिलेल्यांत २२ जणांचं. तेवढा फरक. मी स्वतः गोळ्यांवरच आहे, वेळेवर झोपते, वेळेवर जेवते, उन्हात डोळ्यावर पदर घेते.

आठवीच्या त्या पोरीचे वडील दुसऱ्या दिवशी शाळेत आले. पोरीच्या कपाळाला अंगारा होता. दाराशीच हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, लेकराला बाहेरचं तर काही न्हाई ना?" मी अंगाऱ्याबद्दल काही बोलले नाही. त्यांना खुर्ची दिली, चहा सांगितला आणि पोरीचा कागद त्यांच्यापुढं ठेवला. टिंबापासून निघालेल्या पाच वाकड्या रेघा, प्रत्येकीजवळ वेळ. शेजारी माझा एकोणीसशे पंच्याण्णव सालचा कागद ठेवला. माझी रेघ उजवीकडं वाकलेली, तिची डावीकडं. बाकी सगळं एक. शेतकरी माणूस, बांध ओळखणारा. दोन्ही कागद उचलून एकमेकांवर धरून त्यांनी उजेडाकडं केले आणि किती तरी वेळ बघत राहिले.

त्यांना सांगितलं की माझ्या सांगण्यावर जाऊ नका. एकाएकी दिसेनासं होण्याची कारणं दुसरीही असतात, आधी परभणीला डोळ्यांच्या आणि मग मेंदूच्या डॉक्टरला दाखवा, आणि हा कागद बरोबर न्या. तोंडी सांगितलेलं घाईत राहून जातं. डॉक्टरांना द्यायची चिठ्ठी मी लिहून दिली.

काल ती पोरगी मधल्या सुट्टीत आली. एकदा घरी पुन्हा झालं होतं. तिनं घडी घातलेला कागद पुढं केला. या वेळी टिंब तिनं स्वतःच दिलं होतं. घड्याळ नव्हतं म्हणून भावाला मोबाईल घेऊन शेजारी बसवलं होतं. सहा रेघा, आणि बाजूला भावाच्या अक्षरात आकडे: ७:४२, ७:४५, ७:४९, ७:५३, ७:५६, ७:५८.